खुर्ची बांधली, जिजीचं काय?

वृद्धाश्रमाच्या फाटकातून गाडी निघाली की सगळे खिडकीकडे बघून हात हलवतात. माझी नजर आधी गाडीच्या तळाशी जाते. चाकाच्या खुर्चीवरचं माणूस आत घेतलंय, ठीक. पण ती खुर्ची कशाच्या आधाराने उभी आहे? आणि खुर्चीवरचं माणूस कशाच्या आधाराने बसलंय? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक ठिकाणी दोन्हींना एकच उत्तर मिळतं: ‘मावशी धरून बसल्यात ना!’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धुळे-अमळनेर पट्ट्यातल्या वृद्धाश्रमांत आणि घरोघरी अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेल्या माणसांकडे जाणं हे माझं रोजचं काम. कुणाला पक्षाघात, कुणाचं खुब्याचं ऑपरेशन, कुणाला पार्किन्सन, कुणाचा पाय साखरेपायी गुडघ्याखालून काढलेला. अशी माणसं एका जागी बसून असतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांना सतत कुठे ना कुठे जावं लागतं. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा. मोतीबिंदू. नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला. नातवाची हळद, भावाचं दहावं, पद्मालयच्या गणपतीचं दर्शन. यातल्या प्रत्येक फेरीला कुणीतरी त्यांना खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवतं, खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावतं आणि दार ओढून घेतं.

त्या ब्रेकवर लोकांचा फार भरवसा. खुर्चीचा ब्रेक म्हणजे चाकाच्या रबरावर दाबून बसणारा एक लोखंडी दांडा. सपाट फरशीवर माणूस उठता-बसताना खुर्ची सरकू नये, एवढंच त्याचं काम. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला तर ते चाक फिरणार नाही, पण पत्र्यावरून घसरेल. किंवा पुढची लहान चाकं अडून मागची उचलली जातील आणि माणूस तोंडावर पुढे येईल. मागून हँडल धरून बसलेल्या मावशींची त्यात काही चूक नसते. त्या जीव तोडून धरतात. पण त्यांचा स्वतःचाच तोल त्या क्षणी सुटलेला असतो.

या खुर्च्यांची आणि त्या गाडीला बांधायच्या पट्ट्यांची परदेशात रीतसर चाचणी होते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची पट्ट्यांसाठी आयएसओ 10542 आणि खुर्चीसाठी आयएसओ 7176 चा एकोणिसावा भाग अशी मानकं आहेत. चाचणी साधारण ताशी 48 किलोमीटर वेगाच्या समोरून होणाऱ्या धडकेची असते, आणि त्यात काही क्षण गुरुत्वाकर्षणाच्या 20 पट जोर येतो. 18 किलोची साधी घडीची खुर्ची त्या क्षणी 360 किलोच्या जोराने पुढे खेचली जाते. 60 किलोचं माणूस 1200 किलोच्या. आपल्या धुळे-जळगाव हायवेवर 48 चा वेग कोण ठेवतं? तालमीत घुमलेला पैलवान मागे बसवला तरी 1200 किलो धरणं त्याच्या हातचं नाही.

मला मात्र धडकेपेक्षा जास्त काळजी वाटते ती धडक न होता होणाऱ्या इजांची. त्या कुठे नोंदल्या जात नाहीत. उलट बाजूने उसाची ट्रॉली येते, शेळ्यांचा कळप रस्त्यात उतरतो, गावाच्या वेशीवर कुणीतरी हौसेने बांधलेला, रंग न दिलेला गतिरोधक अंधारात येतो. गाडीला ओरखडासुद्धा येत नाही. बाकीच्या प्रवाशांच्या तोंडून फक्त ‘अरे बापरे’ निघतं. पण खुर्चीवरच्या माणसाचं निर्जीव पाऊल पायपाटीवरून, म्हणजे खुर्चीच्या फूटरेस्टवरून, घसरून खाली अडकलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं वजन न पेललेलं नडगीचं हाड तेवढ्याने मोडतं. पायाला संवेदनाच नसेल तर दुखतही नाही. संध्याकाळी पाय सुजलेला दिसतो, कुणीतरी हळद लावतं, आणि मला फोन येतो तोवर दोन दिवस गेलेले असतात. म्हणून गाडी हलायच्या आधी मी पावलं बघते. पायपाटीला मागून टाचेचा पट्टा आहे का, पाऊल नीट टेकलंय का, चप्पल निसटती तर नाही ना. याला मिनिटभरही लागत नाही.

मी जिथे जाते त्या एका वृद्धाश्रमाचा ड्रायव्हर आधी केळीच्या गाडीवर होता. सावदा-रावेरहून माल भरायचा आणि थेट दिल्लीकडे निघायचा. खुर्ची बांधायचं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला काहीच समजावून द्यावं लागलं नाही. उलट त्यानेच मला सांगितलं, ‘ताई, ब्रेक मारला की माल पुढे येतो, मागे जात नाही. म्हणून मागची बांधणी पक्की पाहिजे.’ अगदी हेच तत्त्व आहे. चार पट्टे असतात, दोन पुढे, दोन मागे. समोरून धक्का बसला की खुर्ची पुढे पळू बघते आणि सगळा ताण मागच्या दोन पट्ट्यांवर येतो. तो आधी पुढचे दोन हुक अडकवतो, खुर्ची जराशी मागे ओढतो, मग मागचे हुक लावून रॅचेट, म्हणजे पट्टा ताणायची दातेरी कळ, कट-कट आवळतो. शेवटी खुर्चीची चौकट धरून जोरात हलवून बघतो. खुर्ची हलली तर पुन्हा आवळतो.

हुक कुठे अडकवायचा यात खरी मेख आहे. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या आपल्या साध्या खुर्चीला त्यासाठी वेगळी जागा केलेली नसते. प्रवासासाठी तपासलेल्या खुर्च्यांवर मात्र चार ठिकाणी हुकाचं चित्र छापलेलं असतं. तसं चित्र नसेल तर जिथे दोन नळ्या एकमेकींना वेल्डिंगने जोडल्यात, तो सांधा धरायचा. चाकाला नाही, हाताच्या दांड्याला नाही, पायपाटीला तर मुळीच नाही, कारण जे हाताने काढता येतं ते धक्क्यातही निघतं. मागचे पट्टे जमिनीशी साधारण 30 ते 45 अंशांत उतरायला हवेत. आणि ते जिथे अडकतात ती गाडीच्या तळातली रेल खालून जाड लोखंडी प्लेट देऊन चासीत बोल्ट केलेली हवी. प्लायवूडवर स्क्रू मारून बसवलेल्या कड्या मी पाहिल्या आहेत. त्या दिसायला छान दिसतात.

खुर्चीचं तोंड पुढेच हवं. काही गाड्यांत जागा वाचते म्हणून खुर्ची आडवी लावतात, म्हणजे माणसाचा खांदा ड्रायव्हरच्या दिशेला येतो. समोरचा धक्का मग त्याला कुशीवर बसतो. पाठीचा कणा आणि मान असा आडवा झटका सोसू शकत नाहीत. तरण्या माणसाच्याही नाहीत, म्हाताऱ्याची तर गोष्टच सोडा.

इतकं करून लोक समाधानाने दार लावतात. आणि इथेच माझा जीव वर-खाली होतो, कारण अजून फक्त खुर्ची बांधली गेलीय. खुर्ची जागेवर राहील आणि माणूस तिच्यातून निघून समोरच्या सीटच्या पाठीवर आदळेल. काही ठिकाणी याच्या उलट पाहते: खुर्ची मोकळी आणि माणूस ओढणीने खुर्चीला करकचून बांधलेला. मग धक्क्यात माणसाच्या पाठीवर खुर्चीचंही वजन येतं. खुर्चीला स्वतःचा जो कमरेचा पट्टा असतो तो बसण्याची ढब नीट राहावी म्हणून असतो. घरात, वऱ्हांड्यात तो उपयोगी आहे. गाडीच्या धक्क्याला तो पुरत नाही. माणसाला गाडीचा पट्टा हवा, कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा, जसा ड्रायव्हरला असतो तसा.

तो कमरेवर कुठे बसतो हे बघायला मी खाली वाकते. पोटावर नाही, बेंबीच्या बरंच खाली, दोन्ही बाजूंच्या खुब्याच्या हाडांवर तो टेकला पाहिजे. हाड धक्का घेतं. पोटावरचा पट्टा आतड्यांना, यकृताला चिरडतो. आमच्याकडच्या बायकांच्या बाबतीत यात एक खास अडचण येते. नऊवारीच्या किंवा जाड सहावारीच्या निऱ्यांचा गोळा ओटीपोटावर असतो आणि पट्टा त्यावरून आपोआप वर सरकतो. म्हणून निऱ्या हाताने सपाट करायच्या, पट्टा हाताच्या दांड्याच्या वरून न नेता खालून, बाजूच्या फटीतून घ्यायचा आणि खाली दाबून मग ओढायचा. दांड्यावरून नेला तर पट्टा आणि अंग यांच्यात वीतभर जागा राहते. पदर खोचलेला हवा, चाकाच्या आऱ्यांपासून लांब. लघवीची नळी असेल तर ती पट्ट्याखाली दबत नाही ना, आणि पिशवी ओटीपोटाच्या खालीच लटकतेय ना, तेही बघायचं.

हे सगळं सांगताना मला एक जिजी आठवतात. डावी बाजू गेलेली, दोन्ही गुडघे वाकलेल्या अवस्थेतच आखडलेले, धड स्वतः सावरता येत नाही. जिभेला मात्र धार. पट्टा हातात घेतला की त्या डोळे वटारायच्या. ‘पोरी, माले बांधी ऱ्हायनी का तू? मी काय ढोर शे का?’

त्यांचा राग मला अजिबात गैर वाटला नाही. ज्या बाईने आयुष्यभर गोठा सांभाळला तिला दाव्याचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो. आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्या माणसांना बांधून ठेवण्याचे प्रकार होतात, सोयीसाठी होतात, ते त्यांनी ऐकलेलं आणि कधीकधी भोगलेलं असतं. त्यामुळे ‘तुमच्याच भल्यासाठी आहे, गप बसा’ हे उत्तर मला कुणाच्याच तोंडी नको असतं. पट्टा सुटतो कसा ते आधी दाखवायचं. एक बटण दाबलं की मोकळं. जिजींचा उजवा हात चांगला होता, म्हणून बकल त्यांच्या उजवीकडे येईल अशी रचना केली आणि त्यांनाच दोन-तीनदा लावायला-सोडायला लावलं. ड्रायव्हरने आपला पट्टा त्यांच्या देखत आधी लावला. मावशींनीही लावला. सगळे बांधलेले पाहिल्यावर जिजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या ‘हं’ म्हणाल्या.

ज्यांची स्मृती गेलीय त्यांच्याशी हे असं जमत नाही. तिथे सोबतीला ओळखीचं माणूस लागतं, रोज जेवू घालणारं, बाजूच्या सीटवर, स्वतः पट्टा लावून बसलेलं. ते माणूस बोलत राहतं तोवर हात बकलकडे जात नाही.

जिजींना जायचं होतं आखाजीला. अमळनेर तालुक्यातल्या त्यांच्या माहेरी, जिथे आता धाकटा भाऊ आणि त्याच्या सुना होत्या. खान्देशाबाहेरच्या वाचकांना आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सोनं घ्यायचा दिवस, एवढंच वाटेल. आमच्याकडे तो लेकीबाळींनी माहेरी यायचा सण आहे. लिंबाच्या फांदीला झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, आणि गेलेल्यांच्या नावाने भरलेली घागर, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून. जिजींना आईच्या नावाची घागर स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. संस्थेतल्या एका जबाबदार माणसाचं म्हणणं पडलं की एवढ्या उन्हात, एवढ्या रस्त्याने, या अवस्थेत कशाला. काही झालं तर जबाबदारी कोणाची? व्हिडिओ कॉल लावून देऊ.

हे मला मान्य नव्हतं आणि मी ते बोलले. जोखमीच्या नावाखाली माणसाला फाटकाच्या आत ठेवणं सगळ्यात सोपं असतं, आणि त्यालाच सुरक्षितता म्हणायची सवय आपल्याला लागते. डायलिसिसला ज्या गाडीतून नेता त्याच गाडीतून माहेरी नेता येत नसेल तर दोष प्रवासाचा नाही, गाडीचा आहे. तो दुरुस्त होतो.

मग सगळं बारकाईने ठरवलं. सकाळी उजाडता निघायचं, कारण मे जवळ आला की आमच्याकडे पारा 43-44 वर असतो, जळगाव-भुसावळकडे 45 च्याही पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीतलं बकलचं लोखंड असं तापतं की म्हाताऱ्या पातळ कातडीवर फोड येतो. लुळ्या बाजूला तर कळतही नाही. म्हणून पट्ट्यांवर ओला पंचा टाकून ठेवायचा आणि लावण्याआधी बकल आपल्या मनगटाला टेकवून बघायचं. गाडी सावलीत लावायची. पाण्याची बाटली, औषधं, कोरडे कपडे जाळीच्या पिशवीत, सीटखाली अडकवून. मोकळी स्टीलची बाटलीसुद्धा धक्क्यात कुणाचं कपाळ फोडू शकते. कुणाला ऑक्सिजनचा सिलिंडर लागत असेल तर तो आधी बांधायचा, बाकी सगळं नंतर.

चढवताना-उतरवताना सगळ्यात जास्त घाई होते आणि पडणंही तिथेच होतं. इमारतीच्या उताराला आपण एकास बारा हे प्रमाण धरतो. गाडीचा तळ जमिनीपासून 60 सेंटिमीटर धरला तर त्या हिशेबाने 7.2 मीटरचा उतार लागेल, तो कुठून आणणार? घडीच्या फळ्या साधारण 8 फुटांच्या, म्हणजे चढ तिप्पट. तिथे एकट्याने खुर्ची ढकलायची नाही. चढताना माणसाचं तोंड गाडीकडे, ढकलणारा खालच्या बाजूला, दुसरा पुढून आधाराला. उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे तोंड गाडीकडेच, आणि सांभाळणारा पुन्हा खालच्या बाजूला. तोंड उताराकडे करून कुणालाही खाली आणू नये. खुर्चीतलं माणूस आपल्याच वजनाने पुढे निघतं. गाडीलाच लिफ्ट असेल तर तोंड बाहेरच्या बाजूला, ब्रेक लावलेले, आणि विजेवरची खुर्ची असेल तर बंद केलेली.

ज्यांना धरून उभं राहता येतं आणि पाऊलभर वळता येतं, त्यांना मी खुर्चीत बसवून नेतच नाही. गाडीची सीट धडक सोसण्यासाठी बनवलेली असते, खुर्ची तशी नसते. त्यांना सीटवर घ्यायचं, पट्टा लावायचा, खुर्ची घडी करून मागे बांधायची. हा सगळ्यात चांगला मार्ग, आणि त्याला पैसाही लागत नाही. पण जिजींचे गुडघे सरळ होत नव्हते, धड सावरत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी खुर्चीच.

त्या गेल्या. अमळनेरपर्यंतचे गतिरोधक ड्रायव्हरला पाठ होते; प्रत्येक गतिरोधकाआधी तो मोठ्याने सांगायचा, ‘जिजी, उंचवटा उना बरं का!’ आणि जिजी उजव्या हाताने दांडा धरायच्या. भावाच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा सगळे उचलायला धावले, चार बाजूंनी चार हात. ड्रायव्हरने सगळ्यांना मागे सारलं आणि फळी लावली. जिजींनी बकल स्वतः सोडलं. भाऊ काहीतरी म्हणाला, त्यावर त्यांनी त्यालाच सुनावलं, ‘गाडीमा पट्टा लावना पडस. तू बी लावत जाय.’

आता थोडं कायद्याचं, कारण लोक विचारतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याच्या कलम 41 मध्ये वाहतुकीची साधनं दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. बसमध्ये चाकाची खुर्ची चढवायची आणि अडकवून ठेवायची सोय असावी असा मोटार वाहन नियमांतला बदल 1 मार्च 2020 पासून लागू झाला. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि तो निर्णय मला मनापासून आवडला. पण आमच्या भागातल्या लालपरीच्या उंच पायऱ्या खुर्चीवरचं माणूस चढणार कसं? सवलत हातात आहे आणि दार कमरेएवढ्या उंचीवर. शेवटी भार येतो तो संस्थांच्या आणि घरच्या गाड्यांवर. गाडीत रेल, रॅम्प बसवायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. दिव्यांगांसाठी गाडी बदलून घ्यायची सोय त्या कलमात आहे, तेव्हा फेऱ्या मारायला कंटाळू नये. नोंद नसलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवते.

आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवताना मुलं जेवण बघतात, संडास-बाथरूम बघतात, डॉक्टर कधी येतो विचारतात. गाडीचं दार उघडून तळ बघणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. विचारा. मागे कोण बसतं, त्याला पट्टे लावायला कुणी शिकवलं, पट्टे शेवटचे कधी तपासले, विसविशीत झालेला पट्टा टाकून देतात की गाठ मारून वापरतात. एकदा धडकेत ताण बसलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो, हे त्यांना माहीत आहे का तेही विचारा. असं विचारलेलं संस्थेला बोचत नाही. चांगल्या संस्थेला तर त्याने बळ मिळतं, कारण मग खर्चाच्या बैठकीत कुणीतरी म्हणू शकतं की नातेवाईक विचारतात.

मी जाते त्या वृद्धाश्रमाच्या गाडीत नीट बांधणी होईल अशी खुर्चीची जागा सध्या एकच आहे. डायलिसिसच्या दिवशी खुर्च्या दोन असतात. दोन्ही एका फेरीत न्याव्यात, दुसरी नुसती अडकवून ठेवावी, डिझेल वाचेल, असा आग्रह होता. ड्रायव्हर नाही म्हणाला आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले. आता गाडी दोन फेऱ्या करते. डायलिसिसला जाणाऱ्या आबांना पहाटे उठावं लागतं, ते कुरकुरतात, आणि डिझेलचा खर्च वाढलाय. दुसऱ्या रेलसाठीचा अर्ज मी लिहून दिला आहे. येत्या बैठकीत तो वाचला जाणार आहे, आणि मी तिथे असेन.